घोडा आणि घोडा

तापीकाठच्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत घोड्यांचा बाजार भरतो. पण आपल्या भाषेंत घोडा आणखी एक आहे : चाप ओढतांच चकमकीचा दगड पोलादावर आपटून ठिणगी पाडणारा, जुन्या पिस्तुलाचा. स्वारास दोहोंचीहि निगा राखावी लागे.

काळ्या दारूंत सुमारें ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वजन घनरूपच राही. कांहीं धुरांत जाई, कांहीं नळींत बसे. हा मळ ओल शोषून लोखंडास गंज चढवी. म्हणून बार भरलेला नाहीं हें प्रथम पाहावयाचें. मग खिळे काढून नळी लांकडापासून सोडवावयाची, ऊन पाण्यानें धुवावयाची, गजास चिंधी गुंडाळून कोरडी करावयाची, कान मोकळा करावयाचा व कमानीस तेल द्यावयाचें. कान बुजला तर रंजक नुसती भडके आणि बार आंतच राही. शत्रूसमोर त्या आळसाची किंमत प्राणानें द्यावी लागे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेला. १८७८ च्या कायद्यानें परवान्यावांचून शस्त्र बाळगणें हा गुन्हा ठरला. शस्त्राबरोबर तें उघडून पुन्हा जोडण्याची विद्याहि घरांतून ओसरली, असें आम्हांस वाटतें. पराक्रमाचे पोवाडे आपण जपले. आदल्या रात्रीं मळ धुणाऱ्या हातांची बखर कोणी लिहिली नाहीं. घोड्याचे दांत पाहून वय सांगणारे जाणते अजून भेटतात. दुसऱ्या घोड्याचें मात्र नांवच काय तें उरलें आहे.