बिनधुराची दारू आणि बावीस बोराच्या रायफलींचा बिघडलेला नेम

इतिहाससंशोधकाच्या हातून होणाऱ्या चुकांत एक चूक फार जुनी आहे. दोन गोष्टी एकामागून एक घडल्या कीं पहिली ही दुसरीचें कारण होय, असें तो धरून चालतो. बखरी व जुनीं पत्रें वाचणारेच ही चूक करतात असें नाहीं. ज्यांच्या हातीं प्रत्यक्ष प्रयोगाचें साधन होतें अशा लोकांनींहि ती केली व एका पिढीभर चालविली, याचें एक उदाहरण आम्ही येथें देत आहों. विषय हत्याराचा आहे. पण तोफांचा अगर तरवारींचा नव्हे, तर ससे व खारी मारण्याच्या एका लहान रायफलीचा आहे. कांहीं वाचकांना तो क्षुल्लक वाटेल. परंतु या चुकीपायीं असंख्य चांगल्या नळ्या कायमच्या निकामी झाल्या. आणि त्या, मालक त्यांची हयगय करीत होते म्हणून नव्हे, तर ते त्यांची चुकीच्या रीतीनें काळजी घेत होते म्हणून निकामी झाल्या.

प्रथम काडतुसाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर वळविलेला पोकळ कांठ असतो व त्या कांठांतच पेट देणारें स्फोटक द्रव्य भरलेलें असतें. घोड्याचा आघात कांठावर होतो, म्हणून यास ‘रिमफायर’ म्हणतात. पॅरिसच्या फ्लोबेरनें १८४५ मध्यें अशा तऱ्हेचें काडतूस काढलें. त्यांत दारू नव्हतीच, स्फोटक द्रव्याच्याच जोरावर गोळी जाई. १८५७ मध्यें अमेरिकेंत स्मिथ व वेसन यांनीं २९ ग्रेनची गोळी व ४ ग्रेन काळी दारू घालून बावीस बोराचें काडतूस केलें. पुढें १८८७ मध्यें स्टीव्हन्स कंपनीनें ४० ग्रेनच्या गोळीचें ‘लाँग रायफल’ काडतूस काढलें. तेंच आजतागायत चालू आहे. हें काडतूस एकदां उडालें कीं पुन्हां भरतां येत नाहीं. त्यामुळें दारूचें प्रमाण बदलून पाहण्याची सोय शिकाऱ्यास नसते. नेम बिघडला कीं त्यानें दोष द्यावा तो रायफलीस, नाहींतर काडतूस करणाऱ्यास.

१८९० नंतरच्या दशकांत या लहान काडतुसांतहि बिनधुराची दारू आली आणि तक्रारींस आरंभ झाला. आदल्या हंगामांत चोख चालणारी रायफल पुढच्या हंगामांत गोळ्या विखरूं लागे. नळीतून पाहावें तों आंतील पृष्ठभागावर बारीक खड्डे पडलेले, चरांच्या कडा झडलेल्या आणि त्या खड्ड्यांत गोळीचें शिसें धरलेलें. काळ्या दारूच्या काळीं असें होत नसे; नवी दारू आली आणि नळ्या गंजूं लागल्या. तेव्हां नव्या दारूच्या जळण्यांतून कांहीं अम्ल उरतें व तेंच लोखंड खातें, असा निष्कर्ष सर्वमान्य झाला. त्या अम्लाचा नाश करण्यासाठीं निरनिराळीं तेलें निघालीं. १९११ च्या सुमारास काळी दारू मिसळलेली ‘लेसमोक’ नांवाची दारू निघाली. तिनें नळ्या कमी खराब होत, हाहि बिनधुराच्या दारूविरुद्ध पुरावाच मानला गेला.

या पुराव्यांत दोन गोष्टी सुटल्या होत्या. काळी दारू जळल्यावर इतकी काजळी व राळ उरते कीं पाण्यावांचून नळी साफ होतच नाहीं. म्हणून जुना शिकारी घरीं येतांच गरम पाणी ओतून नळी धुई. बिनधुराच्या दारूनें नळी स्वच्छ दिसे, म्हणून त्यानें पाणी सोडलें व तेलाचें फडकें फिरवूं लागला. म्हणजे दारू बदलली त्याच वेळीं धुण्याची रीतहि बदलली होती. पण दुसऱ्या बदलाची नोंद कोणींच ठेवली नाहीं, कारण तो बदल म्हणण्याजोगा कोणास वाटलाच नाहीं. दुसरी गोष्ट कांठांतील स्फोटक द्रव्याची. त्यांत पाऱ्याच्या फल्मिनेटाबरोबर पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळलें कीं पोटॅशियम क्लोराइड उरतें. हें स्वयंपाकाच्या मिठाचेंच भावंड होय. काळ्या दारूच्या भरपूर राळेंत हें मीठ मिसळून विरळ होई व पाण्याबरोबर वाहून जाई. बिनधुराच्या दारूंत तें तसेंच उघडें नळीस चिकटून राहूं लागलें. शिवाय बावीस बोराच्या काडतुसांत दारू इतकी थोडी असते कीं तिच्या मानानें स्फोटक द्रव्याचा, व म्हणून मिठाचा, वाटा मोठा पडतो. मोठ्या रायफलींपेक्षां या लहान रायफली लवकर खराब होत, त्याचें इंगित हेंच.

हें मीठ तेलांत विरघळत नाहीं. हवेतील आर्द्रता शेंकडा ८४ च्या सुमारास पोंचली कीं तें हवेतलें पाणी ओढून ओलें होतें; तेल वरच राहतें व गंज त्याच्या खालून चालतो. कोरड्या मुलखांत तीच रायफल महिनोन्‌महिने तशीच राहील. आमच्या कोंकणांत आषाढ-श्रावणांत तिला चार दिवस पुरे होत.

अमेरिकेच्या खाणखात्यांतील विल्बर्ट हफ या रसायनज्ञानें पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हा प्रश्न हातीं घेतला. तेलाच्या थराखालीं होणाऱ्या गंजावर त्यानें निबंध लिहून दारूस निर्दोष ठरविलें व दोष क्लोरेटजन्य मिठावर आणला. उपाय पाणी! म्हणजे आजोबांची रीतच खरी ठरली, जरी आजोबांस तिचें कारण ठाऊक नव्हतें. चमत्कार असा कीं, क्लोरेट वगळलेलीं, न गंजविणारीं काडतुसें जर्मनींत १९१० च्या सुमारासच निघालीं होतीं. अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें तसलीं काडतुसें १९२७ च्या आगेमागें बाजारांत आणलीं आणि थोड्याच वर्षांत हा गंजाचा प्रश्न मिटला.

याच काळांत दुसऱ्या बाजूनें शोध करणाऱ्या डॉ. फ्रँकलिन मॅन या गृहस्थाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मॅसॅच्युसेट्समधील या वैद्यानें आयुष्याचीं अनेक वर्षें गोळी कां चुकते हें पाहण्यांत घालविलीं व १९०९ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाच्या हाताचा दोष वगळावा म्हणून तो नळी अचल आधारावर बसवी, आणि मग एका वेळीं एकच गोष्ट मुद्दाम बिघडवून पाही. गोळीचें टोंक बिघडविलें तरी फारसा फरक पडत नाहीं. बूड बिघडविलें कीं ती भलतीकडे जाते, हें त्यानें दाखविलें. गोळीचें बूड सर्वांत शेवटीं सोडतें तें नळीचें तोंड. तेथें ओरखडा असला, अगर साफ करण्याच्या गजानें एक बाजू झिजली असली, तर उरलेली नळी कितीहि चांगली असून उपयोग नाहीं. एका वेळीं एकच बदल हा मॅनचा नियम बिनधुराच्या दारूच्या फिर्यादींत लावला असता, तर ती पहिल्याच वर्षीं निकालांत निघती.

हा नियम आम्हींहि एकदां मोडला, तें सांगितलें पाहिजे. कोंकणांतील एका घरीं जुनी बावीस बोराची रायफल पाहण्याचा प्रसंग आला. शिकार १९७२ च्या कायद्यानंतर सुटलेली, परवाना मात्र चालू. आणि निशाणावर गोळ्या वीतभर पसरत. वरील सर्व इतिहास डोक्यांत असल्यामुळें आम्हीं नळी न पाहतांच गंजाचें निदान सांगून टाकलें. पाहिली तेव्हां नळी लख्ख होती. लांकडी दस्ता व नळी यांस जोडणारा स्क्रू अर्धा फेरा ढिला होता, एवढेंच. तो आवळल्यावर गोळ्या पुन्हां एका जागीं पडूं लागल्या, व यजमानांनीं आम्हांस चहा देतांना हंसूं आवरण्याचा प्रयत्न केला, तो फारसा साधला नाहीं.

मात्र जेथें खड्डे सांपडतात तेथें ते हत्याराचा एक दस्तऐवजच समजावे. ती रायफल क्लोरेटाच्या काडतुसांच्या काळांत वापरली गेली असा तर्क त्यावरून करतां येतो. उलट, जुन्या रायफलीची नळी स्वच्छ सांपडली म्हणून ती वापरांतच नव्हती असें मात्र म्हणूं नये. इंग्लंडांत खराब नळी पोखरून तींत नवी बारीक नळी बसविण्याची पद्धत होती. तोंडाशीं भिंगानें पाहिलें असतां दोन धातूंच्या सांध्याचें एक बारीक वर्तुळ कधीं कधीं दिसतें.