शिकारखान्यांतील काळवीट

हरिण म्हणजे भित्रेपणाची व कोमलतेची मूर्ति, ही समजूत आपल्या काव्यानें इतकी दृढ केली आहे कीं, त्या प्राण्याला स्वभाव असतो आणि तो प्रत्येकाचा निराळा असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानींच येत नाहीं. शकुंतलेचा पदर ओढणारें पाडस सर्वांना आठवतें. तेंच पाडस वयांत आल्यावर आश्रमांतील बटूंची काय गत झाली असती, याचा विचार कालिदासाला करावा लागला नाहीं. राजेलोकांच्या शिकारखान्यांतील रखवालदारांना मात्र तो रोज करावा लागे.

अबुल फजलाच्या 'ऐने अकबरी'त हरणांना चांगलीच जागा मिळाली आहे. (आमचें नंदुरबारही त्या ग्रंथांत माळवा सुभ्यांतील एक सरकार म्हणून नोंदलेलें आहे, हल्लींचा जिल्हा १९९८ सालचा.) पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळें बांधून त्याला रानांतील कळपाकडे सोडीत. तेथील नर परक्याला पाहतांच अंगावर येई, त्याचीं शिंगें जाळ्यांत गुंतत, आणि पारधी त्याला धरीत. या युक्तीचें सारें मर्म नराच्या हद्दीच्या अभिमानांत आहे. प्रौढ काळवीट ठराविक जागीं लेंड्यांचे ढीग घालून आणि डोळ्यांजवळील ग्रंथींचा स्राव काडीझुडपांना लावून आपली हद्द आंखतो. तींत दुसरा नर त्याला खपत नाहीं. शास्त्रज्ञांनीं ही गोष्ट विसाव्या शतकांत निरीक्षणें करून मांडली. मोगलांच्या पारध्यांना ती पोटासाठींच शिकावी लागली. त्याच ग्रंथांत अलाहाबादेहून पळालेलें एक हरिण नद्या व मैदानें ओलांडून पंजाबांत आपल्या पहिल्या रखवालदाराकडे परत गेल्याची हकीकत आहे. दरबारी लेखकाची अतिशयोक्ति वजा केली तरी, हा प्राणी माणूस ओळखतो एवढें तींत उरतेंच.

परंतु ओळख म्हणजे लोभ नव्हे. १५९६ सालीं हरणांची झुंज पाहत असतां एक हरिण खुद्द अकबरावर चालून गेलें. जांघेजवळ शिंग लागून बादशहा बरेच दिवस अंथरुणाला खिळला. यांत नवल कांहींच नाहीं. रानांतला काळवीट माणसाला पाहून पळतो. माणसाच्या हातावर वाढलेल्याची ती भीति जाते, आणि वयांत आल्यावर तो माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजूं लागतो. लळा लावलेला नर हा रानटी नराहून अधिक धोक्याचा, हें प्राणिसंग्रहालयांतील लोक आजही जाणतात.

आतां पुण्याकडे वळूं. सवाई माधवरावांचा पर्वतीच्या पायथ्याचा शिकारखाना प्रसिद्धच होता. पुण्याचा इंग्रज वकील चार्लस मॅलेट यानें १७९२ सालीं एक अजब देखावा पाहून लिहून ठेविला: वाद्यांच्या नादानें माणसाळविलेले चार काळवीट झोपाळ्यावर येऊन झोके घेत होते! श्रेय अर्थातच संगीताला मिळालें. मला तें रखवालदाराच्या चिकाटीला, आणि त्याहूनही त्याच्या निवडीला द्यावेसें वाटतें. कळपांतील चारच कां? युरोपांतील पाळीव हरणांच्या अलीकडील निरीक्षणांत असें दिसलें कीं, नवें खाद्य किंवा नवी वस्तु समोर येतांच कांहीं हरणें धीटपणें पुढें येतात, कांहीं मागेंच राहतात, आणि हा फरक त्या त्या जनावराच्या अंगीं टिकून असतो. पुण्याच्या त्या अनाम रखवालदारानें सगळा कळप वश केला नाहीं. त्यानें धीट गडी हेरले. इतिहासांत नोंद झाली ती धिटांचीच. जीं हरणें सनईचा सूर ऐकून झाडींत शिरलीं, त्यांची बखर कोण लिहिणार?

बंदिवासाचा खरा जाच या दुसऱ्या वर्गाला. मोकळ्या माळावर हरलेला नर पळून जातो, आपल्यासारख्या तरण्यांच्या टोळींत मिसळतो, आणि वेळ येईपर्यंत थांबतो. कुंपणांत पळायला जागाच नाहीं. त्याच विजेत्याची शिंगें सकाळसंध्याकाळ त्याच्या कुशीवर येतात. अकबराच्या माणसांनीं झुंजीसाठीं नर समोरासमोर आणले. आजचे रखवालदार ते वेगळ्या आवारांत ठेवतात, आणि दुबळ्यासाठीं गवताचा भारा लांबच्या कोपऱ्यांत निराळा टाकतात.