सहा वर्षांखालील मूल आणि लोकल फंड

मुंबई इलाख्यांतील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा खात्याच्या अधिकाऱ्यांचा, नाहीं तर सुधारकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. तो पैशाचा इतिहास म्हणूनहि वाचतां येतो. आणि तसा वाचला म्हणजे असें दिसून येतें कीं, शाळेचा खर्च कोणीं सोसावा हें ज्या ज्या वेळीं ठरलें, त्या त्या वेळीं कोणत्या वयाचें मूल शाळेचें आणि कोणतें घरचें, हेंहि ठरून गेलें. तीन ते सहा वर्षांच्या मुलाविषयीं आमच्याकडे कोणीं विचारच केला नाहीं असें नाहीं. विचार पुष्कळ झाला. कायद्यानें स्थानिक संस्थांच्या जमाखर्चांत त्याच्या नांवें पान मात्र उघडलें नाहीं.

सन १८६३ पासून या इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा अशी जादा पट्टी घेण्यास सुरुवात झाली, व १८६९ च्या कायद्यानें ती पक्की झाली. हाच लोकल फंड. त्यांतील दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे व एक हिस्सा शाळांकडे जावयाचा. म्हणजे गांवची शाळा उभी राहिली ती मुख्यतः कुणब्याच्या आण्यावर. परंतु ज्याचा आणा, त्याचें मूल त्या शाळेंत होतें काय? १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं नेमका हाच प्रश्न धसास लाविला. शिक्षणाकरितां घेतलेली पट्टी शिक्षणाकडे लागत नाहीं, आणि इलाख्यांतील सुमारें नऊ-दशांश खेडीं, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलें, शाळेवांचून आहेत, अशी त्यांची तक्रार होती. हें निवेदन जातिभेदाच्या दृष्टीनें वाचण्याची आमच्याकडे चाल आहे, व ती बरोबरच आहे. पण सरकारी जमाखर्चावरील टीकेचाहि तो एक उत्तम नमुना होय, ही गोष्ट आमच्या पदवीधरांच्या फारशी ध्यानांत येत नाहीं.

जेथें दहा वर्षांच्या मुलालाच शाळा नाहीं, तेथें चार वर्षांच्या मुलाची दाद कोण घेणार? मराठी शाळेच्या उंबरठ्यावर ‘बिगरी’ नांवाचा एक वर्ग असे, एवढाच काय तो लहानग्यांचा आसरा.

१९११ सालीं नामदार गोखल्यांनीं सक्तीच्या शिक्षणाचें बिल मांडलें, त्यांत पैशाची वांटणी स्पष्ट होती. सक्ती करावयाची कीं नाहीं हें स्थानिक संस्थेनें ठरवावें; खर्चाचा एक-तृतीयांश तिनें सोसावा व दोन-तृतीयांश सरकारनें द्यावा; आणि सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती असावी. गोखले मोठे हिशेबी पुरुष. खालचें एकेक वर्ष वाढविलें तर बिलावरचें ओझें किती वाढेल, हें त्यांनीं जोखलें असावें असें आम्हांस वाटतें. इतकें आखडूनहि पुढल्या वर्षीं तें बिल नापास झालेंच. त्यानंतर विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानें म्युनिसिपालिट्यांकरितां १९१८ चा कायदा झाला व १९२३ च्या कायद्यानें शाळा स्थानिक संस्थांच्या हवालीं झाल्या. परंतु सक्तीची खालची मर्यादा सहाचीच राहिली.

ही मर्यादा निसर्गानें घालून दिलेली आहे असें कोणीं समजूं नये. इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें स्कूल बोर्डांस पांचव्या वर्षापासून सक्ती करतां येई, व त्याहून धाकटीं मुलेंहि शाळेंत घेतलीं जात. १९०० च्या सुमारास तेथें तीन ते पांच वर्षांच्या दरम्यानचीं शेंकडा ४३ मुलें शाळेंत होतीं. १९०५ सालीं पांच वर्षांखालील मुलांस प्रवेश नाकारण्याची मुभा स्थानिक अधिकाऱ्यांस मिळाली. मोठ्या वर्गांतील कवायतवजा शिक्षण त्या वयास मानवत नाहीं, असें त्याचें कारण इन्स्पेक्टरिणींनीं दिलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. पण वेगळ्या, चांगल्या शाळा काढण्यापेक्षां नाकारणें स्वस्त पडतें. १९३० च्या सुमारास तें प्रमाण शेंकडा १३ वर आलें.

आमच्याकडे बालशिक्षणाची खरी चळवळ सुरू झाली ती लोकल बोर्डांच्या बाहेर. गिजुभाई बधेका यांचें बालमंदिर भावनगरास दक्षिणामूर्ति संस्थेंत १९२० सालीं निघालें. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाई मोडक यांनीं १९३६ सालीं दादरास शिशुविहार काढला. अशा संस्था देणग्यांवर व फीवर चालावयाच्या, म्हणून त्या सहजच शहराच्या व पांढरपेशांच्या झाल्या. ही अडचण ताराबाईंनीं स्वतःच ओळखली, हा त्यांचा मोठेपणा. १९४५ सालीं त्या बोर्डीस गेल्या, अनुताई वाघ त्यांस मिळाल्या, आणि मूल शाळेकडे येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, हा प्रयोग तेथें झाला. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यांतूनच आला. आदल्याच वर्षीं सार्जंट योजनेनें दहा लाख मुलांकरितां मोफत बालशाळांची शिफारस केली होती. ती कागदावरच राहिली.

अंगणवाडी देशभर पसरली ती १९७५ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें. आरंभीं ३३ प्रकल्प होते. परंतु योजना निघाली दिल्लीच्या तिजोरींतून, आणि मुख्यतः पोषण व आरोग्य या सदरांखालीं. तिच्या सहा सेवांत शाळापूर्व शिक्षण ही एक. १९९२ च्या घटनादुरुस्तीनें पंचायतींकडे देतां येण्याजोग्या विषयांच्या यादींत महिला व बालविकास घातला गेला. पण यादींत नांव येणें निराळें आणि हातीं पैसा येणें निराळें. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमांत चौदा वर्षांची वरची मर्यादा तेवढी होती, खालची नव्हतीच. २००२ च्या दुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस हक्क मिळाला व त्याखालचीं मुलें मार्गदर्शक तत्त्वांत राहिलीं. २००९ च्या कायद्यानें त्यांच्याकरितां सरकार सोय ‘करूं शकेल’ एवढेंच म्हटलें. गोखल्यांचे सहा शंभर वर्षांनंतरहि जागचे हललेले नाहींत.

याचा परिणाम कोणत्याहि मोठ्या गांवांत दिसतो. ज्याच्या खिशांत फी आहे तो तिसऱ्या वर्षीं मुलाला नर्सरींत घालतो. ज्याच्या खिशांत नाहीं त्याला अंगणवाडी. जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षकास वेतन मिळतें. अंगणवाडीच्या सेविकेस मानधन. ती सरकारी पद धारण करीत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं ठरविलें. तिला ग्रॅच्युइटी मात्र द्यावी, असें त्याच न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. अनेक ठिकाणीं अंगणवाडी शाळेच्याच आवारांत भरते. मधल्या भिंतीच्या पलीकडे सहा वर्षांचें मूल हक्कानें बसतें, आणि अलीकडे त्याचें धाकटें भावंड योजनेच्या तरतुदीवर.