शेगडीवरची टोपली

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले; पुढे लालबागच्या कारखान्यात दगडी कोळशापासून काढलेला गॅस नळांनी काही घरांतही गेला. गिरगावच्या आमच्या चाळीत मात्र श्रावणात दुपटी वाळत ती कोळशाच्या शेगडीवर पालथ्या घातलेल्या वेताच्या टोपलीवरच. आजीची आम्हांला ताकीद असे : निखाऱ्यांवर राख पसरा, खिडकी उघडी ठेवा. ओल बाहेर गेली नाही तर कपडा वाळणार कसा? शिवाय कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. परदेशांतील गॅसवरच्या वाळवणी-यंत्रालाही घराबाहेर जाणारा नळ लागतो तो यासाठीच. त्यात कपड्यांची लव साचली की आधी कपडे ओले राहतात, मग आगीची भीती. आजीने असले यंत्र पाहिले नव्हते. झडीच्या पावसातही ती खिडकीची एक झडप उघडी ठेवी, आणि बाळाला गारठा लागेल म्हणून शेजारणी तिला नावे ठेवीत.