जुन्या ‘मसल कार’साठी रेडिएटरची निवड

अमेरिकेतील १९७० च्या शेव्हरले शेव्हेल एसएस ४५४ या ‘मसल कार’चे एलएस६ इंजिन ४५० अश्वशक्तीचे होते. अशा इंजिनाची उष्णता रेडिएटर बाहेर टाकू शकला नाही, तर सिलिंडर हेड वाकते, गॅस्केट निकामी होते आणि दुर्मीळ मूळ इंजिन गमावण्याची वेळ येऊ शकते.

त्या काळचे रेडिएटर तांबे-पितळेचे, डाख देऊन जोडलेले असत. तांबे उष्णतेचे अधिक चांगले वाहक आहे. मात्र हलक्या व मजबूत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद ठेवता येतात. त्यामुळे एक इंच रुंदीच्या नळ्यांच्या दोन ओळी अर्धा इंच नळ्यांच्या चार ओळींची बरोबरी करू शकतात. म्हणूनच निवड करताना केवळ ओळींची संख्या मोजू नये. हवेसमोर येणारे क्षेत्रफळ, नळ्यांची रुंदी आणि होस जोडण्याच्या जागाही तपासाव्यात. गिअरबॉक्स स्वयंचलित असल्यास त्यातील तेल थंड करण्याची सोय आवश्यक ठरते.

पंख्याभोवती योग्य आवरण नसेल, तर संथ वाहतुकीत मोठा रेडिएटरही अपुरा पडतो. गाडीचे मूळ रूप जपायचे असल्यास जुन्याच टाक्या ठेवून मधला जाळीचा भाग नवा बसवून घेता येतो.