भाकिताचा काळ

कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. तीत शिवाजीमहाराज अखेरच्या निरवानिरवीत संभाजीराजांविषयी चिंता व्यक्त करतात आणि राजाराम राज्य वाढवील, असे भाकीत करतात. १६८० मधील या उद्गारांचा भविष्यकाळ हा वस्तुतः बखरकाराचा भूतकाळ आहे. १६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला होता. त्यांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत होते. गादी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर येथे दिवंगत राजाच्या मुखी घातले आहे. त्यामुळे हे भाकीत संभाजीराजांच्या चारित्र्याचा पुरावा ठरत नाही. मोगली वेढ्यात सापडलेल्या दरबाराच्या गरजेचा मात्र ते निश्चित पुरावा आहे. १७०७ मध्ये शाहू सुटून आले आणि भाकिताने मिटवलेला वारसाहक्काचा वाद पुन्हा उघडा पडला.