पॅरिसची सैनिकी शाळा

पॅरिस पाहावयास गेलेला प्रवासी आयफेलच्या मनोऱ्यावरून खालीं पाहतो, तेव्हां पुढें पसरलेल्या लांब मैदानाच्या पलीकडच्या टोकास चौकोनी घुमटाची एक भव्य इमारत त्याला दिसते. तिचें नांव 'एकोल मिलितेर', म्हणजे सैनिकी शाळा. मधलें मैदान मूळचें ह्याच शाळेचें, विद्यार्थ्यांच्या कवाइतीसाठीं राखलेलें. मनोरा सव्वादोन वर्षांत उभा राहून १८८९ सालीं पुरा झाला. शाळेची इमारत मात्र, ज्या मुलांसाठीं काढली तीं मुलें मोठीं होऊन गेलीं तरी, पुरी झाली नाहीं. ती हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

१७४८ सालीं ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचें युद्ध संपलें. त्या काळीं फ्रान्सच्या सैन्यांतील अधिकारपदें बहुतेक सरदार-घराण्यांकडे जात. परंतु ह्या घराण्यांपैकीं अनेकांजवळ जुन्या नांवापलीकडे फारसें कांहीं उरलें नव्हतें. बाप रणांत पडला कीं मुलाच्या शिक्षणाची सोय नाहीं, आणि उद्यां तोच अर्धशिक्षित मुलगा पलटणीचा अधिकारी व्हावयाचा! सैन्याला रसद पुरवून धनाढ्य झालेला पारी द्युव्हेर्ने नांवाचा सावकार ही उणीव जवळून पाहत आला होता. राजा पंधरावा लुई ह्याच्यावर जिचें वजन होतें त्या मादाम द पाँपादूर हिला त्यानें ही गोष्ट पटविली. चौदाव्या लुईनें जायबंदी शिपायांसाठीं 'अँव्हालीद' हें आश्रयस्थान बांधून कीर्ति मिळविली. पंधराव्यानें त्याच्याच शेजारीं शिपाईगिरीच्या उमेदवारांसाठीं कां बांधूं नये?

जानेवारी १७५१ मध्यें राजाज्ञा निघाली. पांचशें गरीब सरदारपुत्रांस राजाच्या खर्चानें अन्न, वस्त्र व विद्या मिळावयाची होती, आणि ज्यांचे वडील लढाईंत कामास आले त्यांस अग्रक्रम होता. मात्र बापाकडून चार पिढ्यांचें कुलीनत्व कागदोपत्रीं सिद्ध करावें लागे. गरिबी चालेल, पण ती घरंदाज हवी!

राजाचा मुख्य स्थपति गाब्रिएल ह्यानें नकाशा काढला तो शाळेचा नव्हे, राजवाड्याचा. शेजारच्या अँव्हालीदलाही मागें सारील असा त्याचा विस्तार, आणि मध्यभागीं मोठें चर्च. ह्या अवाढव्य कामासाठीं उत्पन्न काय नेमून दिलें? पत्त्यांच्या जोडांवरील कर! खेळणारे कितीही खेळले तरी त्या करांतून असा प्रासाद उठणें शक्य नव्हतें. ग्रनेलच्या माळावर काम सुरू झालें आणि लौकरच रेंगाळूं लागलें. १७५५ सालीं मजुरांची पंधरवड्याची मजुरी भागेना, तेव्हां मादाम द पाँपादूरनें आपलें वर्षाचें उत्पन्न त्यासाठीं देऊं केलें व द्युव्हेर्नेला कळविलें कीं, ह्या गरीब मुलांसाठीं एक लाख लिव्र धोक्यांत घालावयास मी आनंदानें तयार आहें. ह्या बाईविषयीं इतिहासकारांनीं पुष्कळ वाईट लिहिलें आहे. तें सारें खोटें आहे असें नाहीं, पण हें पत्रही खरें आहे.

माझी सारी उमर शाळेंत गेली, म्हणून द्युव्हेर्नेच्या एका निर्णयाचें मला फार कौतुक वाटतें. तो इमारतीची वाट पाहत बसला नाहीं. १७५३ सालींच व्हँसेनच्या जुन्या किल्ल्यांत जागा मागून त्यानें थोड्याशा मुलांवर शाळा सुरू केली, आणि १७५६ मध्यें ग्रनेलच्या जागेवर राहण्याजोगी कांहीं दालनें होतांच मुलांना तेथें नेलें. एकीकडे दगड घडविण्याचे ठोके आणि दुसरीकडे भूमितीचे पाठ, असें तेथें चाललें असलें पाहिजे. वर्ग पडवींतही भरवितां येतो. विद्यार्थ्याचें वय मात्र गवंड्यासाठीं थांबत नाहीं. राजाज्ञेच्या वेळीं जो मुलगा दहा वर्षांचा होता, त्यानें मुख्य प्रासाद उभा राहीपर्यंत तिशी ओलांडली होती.

इतक्यांत १७५६ मध्यें सप्तवार्षिक युद्ध पेटलें. अधिकारी तयार करणारी शाळा युद्धकाळीं सर्वांत निकडीची. पण खजिन्यांतला पैसा युद्धानेंच खाल्ला. मग पुढें आला तो उपाय अजब होता. व्हेनिसच्या तुरुंगांतून पळून आलेला सुप्रसिद्ध काझानोव्हा आणि काल्झाबीजी नांवाचे दोघे इटालियन बंधु ह्यांनीं लॉटरीची योजना मांडली. ऑक्टोबर १७५७ मध्यें तिला मंजुरी मिळाली आणि १८ एप्रिल १७५८ रोजीं पहिली सोडत झाली. पहिल्याच सोडतींत सरकारला मोठी रक्कम द्यावी लागली तर काय, ही मंत्र्यांची धास्ती. काझानोव्हा आपल्या आठवणींत सांगतो कीं, तसें झालें तर उत्तमच, कारण मग सारें शहर पैसे लावण्यास धांवेल, असें आपण त्यांस उत्तर दिलें.

लॉटरीचें गणित श्रोत्यांनीं घरीं मांडून पाहावें. एक ते नव्वद आंकडे. त्यांतून पांच निघावयाचे. एका आंकड्यावर पैसे लावणारास यश अठरांत एकदां, पण मिळावयाचे पंधरापट. दोन आंकडे बरोबर येण्याचा संभव सुमारें चारशेंत एक. बक्षीस दोनशें सत्तरपट. म्हणजे पहिल्या प्रकारांत सरकार सहावा हिस्सा खाई, दुसऱ्यांत जवळजवळ तिसरा. आशा जितकी मोठी तितका सरकारचा वांटा मोठा! ज्यांना ह्या शाळेची पायरी कधींच चढतां येणार नव्हती, अशा कारागिरांचे व मोलकरणींचे पैसेही तिच्या भिंतींत गेले असले पाहिजेत. हें मनाला रुचत नाहीं. परंतु ह्या पैशाविना भिंती उठल्या नसत्या, हेंही खरें.

पैशाइतकीच राजाची उदासीनताही नडली. ज्याच्या नांवानें शाळा, तो ती पाहावयास येईना. १७६० सालीं द्युव्हेर्नेनें राजकन्यांना वीणेसारखें हार्प वाद्य शिकविणाऱ्या एका तरुण घड्याळजीस मध्यस्थ घातलें. त्यानें राजकन्यांना तेथें नेलें. त्यांनीं वर्णन केल्यावर राजाही आला. हा घड्याळजी म्हणजेच पुढें नाटककार म्हणून गाजलेला बोमार्शे.

१७६४ मध्यें पाँपादूर वारली. मूळ नकाशाला कात्री लागली; स्वतंत्र चर्च गेलें आणि त्याजागीं इमारतीच्याच एका भागांत प्रार्थनामंदिर आलें. त्याचा पाया राजानें ५ जुलै १७६९ रोजीं घातला, राजाज्ञेनंतर अठरा वर्षांनीं! पुढच्याच वर्षीं द्युव्हेर्ने गेला, १७७४ मध्यें राजा गेला. मुख्य प्रासाद उभा झाला होता. कांहीं कामें ब्राँन्यार नांवाच्या दुसऱ्या स्थपतीच्या हातून पुढें चाललीं.

आणि नेमका प्रासाद उभा राहिल्यावर, १७७६ मध्यें, युद्धमंत्री साँ-झेर्मँ ह्यानें शाळा मोडली. राजधानींतल्या वैभवांत मुलें बिघडतात, त्यांना प्रांतोप्रांतींच्या साध्या शाळांत वांटून द्यावें, असें त्याचें मत. शाळेची लॉटरीही त्याच वर्षीं राजाच्या खजिन्यांत जमा झाली. पुढच्या वर्षीं निवडक विद्यार्थ्यांसाठीं दरवाजे पुनः उघडले, म्हणूनच १७८४ च्या ऑक्टोबरांत ब्रिएन येथील शाळेंतून आलेला पंधरा वर्षांचा एक कॉर्सिकन मुलगा येथें शिकूं शकला. जुनें नांव व रिकामा खिसा, असा द्युव्हेर्नेच्या मनांतला विद्यार्थी तो हाच! येथें असतांनाच त्याचा बाप वारला. एका वर्षांत अभ्यास आटोपून तो तोफखान्याच्या परीक्षेस बसला; परीक्षक होता गणिती लाप्लास. अठ्ठावन्न जणांत बेचाळिसावा नंबर आला. हा नेपोलियन बोनापार्ट.

१७८७ च्या अखेरीस काटकसरीसाठीं शाळा बंद करण्याचा हुकूम झाला, आणि वर्ष-दीड वर्षांत राज्यक्रांति आली. आज ह्या वास्तूंत फ्रेंच सेनाधिकाऱ्यांचें उच्च शिक्षण चालतें. लॉटरी मात्र शाळेहून चिवट निघाली. क्रांतिकारकांनीं ती १७९३ मध्यें बंद केली, १७९७ मध्यें स्वतःच पुनः सुरू केली, आणि ती १८३६ पर्यंत चालली.